मोहरबंद गळा

यंत्राने आधी ‘धन्यवाद’ म्हटले आणि मग फोन तोडला.

बाळगोंडा मगदूम जिन्याच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसले होते. फरशीवर त्यांची पत्नी पद्मावती एका कुशीवर पडली होती. तिचा उजवा पाय खुब्यापासून आत वळला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मगदुमांनी रुग्णवाहिकेचा क्रमांक पुन्हा लावला. पुन्हा तोच कडक इस्त्रीचा आवाज आला: “आपला आवाज कृत्रिम असल्याचे आढळले आहे. आपत्कालीन सेवेचा गैरवापर टाळण्यासाठी हा कॉल बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.”

“माणूस हाय मी!” ते ओरडले. “जिता माणूस हाय रं, सुक्काळीच्या!”

“मशीनला शिव्या काय देताय,” पद्मावती दात आवळून म्हणाली. “गल्लीत जावा. कुणाला तरी हाक मारा.”

ते दारात गेले आणि त्यांनी हाक मारली. पण त्यांचा आवाज गळ्यातून निघत नव्हता. छातीवर टांगलेल्या काडेपेटीएवढ्या ध्वनिपेटीतून निघत होता, आणि समोर सिमेंट कालवणारी गाडी घरघरत उभी होती. ज्या माणसाच्या एका आरोळीवर भरलेले मैदान उठून उभे राहत असे, त्याची हाक जयसिंगपूरचा एक अरुंद रस्ता ओलांडू शकली नाही. शेजारीण कपडे वाळत घालायला गच्चीवर आली, तेव्हा तिला ते दोन्ही हात हलवताना दिसले. तोवर पद्मावतीचे कण्हणेसुद्धा थकले होते.

“सांधा निखळून शीर दाबली गेली,” डॉक्टर म्हणाले. “लवकर आणलं असतं तर पाऊल वाचलं असतं.”

सांधा बसला. पाऊल मात्र मेले. अजूनही चालताना पद्मावतीच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडते आणि तिला ते कळत नाही.

मगदूम हे कुस्ती-मैदानाचे निवेदक होते. निवेदक म्हणजे केवळ नावे पुकारणारा नव्हे. दोन देह मातीत एकमेकांना वाचत असतात, आणि तो ते वाचन हजारो माणसांसाठी उच्चारीत असतो. पट, म्हणजे समोरच्याचा पाय खेचून काढायचा डाव, निघताना ‘पट’ म्हणायचे. निघून गेल्यावर नव्हे. नाव आणि डाव यांच्यात एका श्वासाचे अंतर पडले तरी नाव शिळे होते. मगदुमांच्या बाबतीत कधी कधी उलट घडे. ते ‘घिस्सा’ म्हणत, आणि मग मल्लाला आठवण झाल्यासारखा घिस्सा बसे. वस्ताद लोक चेष्टेने म्हणत, मगदूम माईकवर असला की आम्हाला शिकवायला नको.

मग गळ्याचा कर्करोग झाला, आणि स्वरयंत्र काढावे लागले. गळ्याच्या मुळाशी श्वासासाठी एक भोक उरले.

थोरली मुलगी प्रणोती इचलकरंजीच्या सूतगिरणीत यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारी अभियंता. तिने ग्रंथांतून आणि लोकांनी खुल्या केलेल्या आराखड्यांतून एक पट्टा घडवला. त्यामागचे विज्ञान साधे आहे. स्वरयंत्र गेले तरी बोलण्याची इच्छा जात नाही, आणि शरीरात इच्छा विजेच्या रूपाने वावरते. मनात शब्द उमटताच जबड्याच्या, जिभेच्या, मानेच्या स्नायूंकडे सूक्ष्म विद्युत्प्रवाह धावतात. कातडीला चिकटवलेल्या संवेदकांना ते टिपता येतात. कोणत्या लहरीमागे कोणता वर्ण आहे, हे संगणक काही आठवड्यांच्या सरावाने शिकतो. उरतो तो आवाजाचा पोत; तो प्रणोतीने वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या मैदानांच्या ध्वनिफितींतून घेतला. हलगीचा कडकडाट आणि शिट्ट्या त्यातून गाळून काढायला तिला एक पावसाळा लागला.

अडचण फोनची होती. बाजारातल्या फोनमध्ये आवाजाला बाहेर पडण्यापूर्वी गाळण्या, तपासण्या, सुधारणा असे थर ओलांडावे लागतात, आणि त्यात सुमारे अर्धा सेकंद जातो. भाजी घेणाऱ्याला अर्धा सेकंद काहीच नाही. निवेदकाला तो मरण आहे. म्हणून प्रणोतीने एक जुना फोन घेतला, त्याची मूळ आज्ञावली पुसली, स्वतःची लिहिली आणि मधले सगळे थर पाडून टाकले. शब्द मनातून थेट हवेत येऊ लागला. पहिल्या दिवशी अण्णा बोलले, तेव्हा पद्मावती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, “आता पुन्हा सुरू झालं ह्यांचं!”

त्याच वर्षी मोहर आली.

मोहर म्हणजे काय, हे ज्यांच्या खिशात ती आहे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. प्रत्येक नव्या उपकरणाच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त संख्या कोरलेली असते. ती कुणालाच वाचता येत नाही. विकत घेणाऱ्यालाही नाही. उपकरण सुरू होताना आज्ञावलीचा एकेक थर तपासला जातो: कारखान्याने घातला तसाच आहे ना, एक अक्षरही बदलले नाही ना. मग बँक, इस्पितळ, गॅस, एस.टी., जी कोणती सेवा असेल, ती दारातच विचारते: तू अस्पर्श आहेस का? चिप त्या गुप्त संख्येने उत्तरावर सही करते, आणि दार उघडते. एक अक्षर बदललेले असेल तर सही होत नाही. मोहर माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी काहीही सांगत नाही. ती एवढेच सांगते की मालकाने स्वतःच्या वस्तूला हात लावलेला नाही. आणि या आज्ञाधारकपणाला मोहर आणणाऱ्यांनी नाव दिले होते ‘विश्वास’.

आधी ती फक्त बँकांपुरती होती. मग इस्पितळाच्या तपासणीचा क्रमांक मोहरेशिवाय मिळेना. मग सिलिंडर. मग निवडणुकीच्या काळात एका पुढाऱ्याचा खोटा आवाज पसरून दंगल झाली, आणि फोनच्या जाळ्यावरचा प्रत्येक आवाज तपासला जाऊ लागला. जिवंत गळ्यातून न आलेला आवाज आपोआप मुका होऊ लागला. सभांचे आणि यात्रांचे ध्वनिक्षेपकही मोहरबंद झाले.

मगदुमांनी एक मोहरबंद फोन घेतला. इस्पितळासाठी घ्यावाच लागला. तो खिशात आणि खुला फोन छातीवर, ध्वनिपेटीला जोडलेला. पण छातीवरचा आवाज खिशातल्या फोनमध्ये शिरला की तिथेच मरे. तपासणीच्या डॉक्टरांशी प्रणोती बोले आणि अण्णा शेजारी बसून खुणा करीत. आणि त्या दुपारी घरात प्रणोती नव्हती, जिन्यावर पाणी सांडलेले होते.

“तुमच्या कंपनीनं आईचा पाय घेतला,” प्रणोती म्हणाली.

अभिनंदन पुण्याहून सरळ इस्पितळातच आला होता. तो तिचा चार वर्षांनी धाकटा भाऊ. ‘प्रतिस्वर’ या कंपनीत होता. मोहरबंद उपकरणांवर चालणारे मान्यताप्राप्त आवाज ही कंपनी पुरवीत असे.

“ताई, कॉल आम्ही तोडत नाही. जाळं तोडतं.”

“सुरा कसायाचा, धार तुमची.”

“मी अण्णांना आमचा आवाज बसवून देतो म्हटलं होतं की नाही? आठ आवाज आहेत. एक घेतला असता तर कॉल लागला असता.”

हेही खरे होते, म्हणून ती अधिकच पेटली. “ते आठ आवाज ऐकलेस तू कधी? पुण्यातल्या दुकानात साडी दाखवणाऱ्या बाईसारखे सगळे. आणि प्रत्येक शब्दामागं अर्धा सेकंद.”

“अर्ध्या सेकंदासाठी आईचा—”

“भांडा, भांडा,” पलंगावरून पद्मावती म्हणाली. “माझा पाय मधी ठेवून भांडा. तो काय आता कुठं जात न्हाई.”

मगदूम खिडकीजवळ उभे होते. छातीवरची पेटी चाचपत होते.

दुसऱ्या आठवड्यात प्रणोती त्यांना कोल्हापूरच्या उपकरण प्राधिकरणात घेऊन गेली. वातानुकूलित दालनात एक तरुण अधिकारी बसली होती, नम्र, नीटनेटकी, खुर्चीतून उठून नमस्कार करणारी. अपवादाची तरतूद आहे, ती म्हणाली. स्वतःच्या आवाजाची प्रतिकृती वापरता येते. फक्त त्या व्यक्तीची संमती हवी.

“घ्या संमती,” मगदूम म्हणाले. “हा काय मी उभा हाय.”

ती अस्वस्थ झाली. “संमती अर्जदाराच्या नैसर्गिक आवाजात नोंदवावी लागते, काका.”

“नैसर्गिक आवाज नाही म्हणूनच तर हा अर्ज आहे,” प्रणोती म्हणाली.

“हो, मला समजतंय.”

“समजतंय तर मग?”

“समजणं माझ्या अधिकारात आहे, मॅडम. बदलणं नाही.”

मगदुमांनी गळपट्टी सैल केली आणि गळ्याच्या मुळाशी असलेले ते भोक तिला दाखवले. “ह्यातनं श्वास येतो. ऐका. हाच नैसर्गिक हाय. नोंदवा.”

दालनात फक्त त्या श्वासाची शीळ ऐकू येत होती, पोकळ वेळूतून वारा जावा तशी. अधिकारी खाली पाहू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या पाण्याचा कुणालाही उपयोग नव्हता.

मार्ग अभिनंदनने काढला. खरोखरच मायेने काढला. हे प्रणोतीलाही नाकारता आले नसते. त्याने वरिष्ठांची मनधरणी केली होती. प्रतिस्वर कंपनी अण्णांचा आवाज आपल्या संग्रहात घेईल, नववा मान्यताप्राप्त आवाज म्हणून. कंपनीच्या आवाजाला मोहर असतेच. मग अण्णा त्या आवाजात फोन करू शकतील, डॉक्टरांशी बोलतील, मैदानावर निवेदनही करतील. अर्ध्या सेकंदाचा उशीर राहील, पण पोत त्यांचाच.

“आणि आवाज कुणाचा होईल?” प्रणोतीने विचारले.

“परवाना कंपनीचा.”

“म्हणजे दुसऱ्या कुणालाही भाड्याने देता येईल.”

अभिनंदन हातातला करार चाळू लागला.

“सांग की अण्णांना. जाहिरातीला देतील, कर्जवसुलीला देतील. उद्या कुणाच्या दारात अण्णांच्या आवाजात धमकी जाईल.”

“ताई, आई पुन्हा पडली तर?” त्याचा स्वर फाटला. “तू तत्त्व सांभाळ. मला ते दोघं जिवंत हवे आहेत.”

मगदुमांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “संमती कशी घेणार?” त्यांनी विचारले. “तिथंबी नैसर्गिक आवाज लागणार असंल.”

“नाही, कंपनीला खास सवलत आहे. नमुना तुमच्या पट्ट्यातूनच घ्यायचा. फक्त तो मोहरबंद माईकमधून घ्यावा लागतो. तेवढ्या वेळापुरता माईक तुमचा आवाज आत घेतो. पडद्यावर मजकूर येईल, तो वाचायचा.”

“किती वेळ उघडा ऱ्हातो?”

“दीड मिनिट.”

“आन् वाचताना चुकलं तर?”

“तीन वेळा संधी. त्यानंतर अर्ज कायमचा बंद. पण तुम्ही कशाला चुकाल? चार ओळी आहेत.”

मगदुमांनी मान हलवली. एस.टी.ची वेळ विचारून घेतल्यासारखी. “बरं,” ते म्हणाले. “करू.”

प्रणोती उठून बाहेर गेली. रागाला काही वेळा तोंडच सापडत नाही; तो मग हातात उतरतो. तिने अंगणातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून काढले आणि घडी न घालता टोपलीत कोंबले.

आपल्याकडे कोणतीही गोष्ट सत्काराशिवाय पुरी होत नाही. हसूरवाडीच्या यात्रा कमिटीला कळले की मगदुमांचा आवाज कंपनी घेते आहे, आणि अध्यक्षांनी लगेच ठरवले: ही संमती मैदानातच व्हायची, मंचावर, फेटा बांधून, नारळ देऊन, आमदारांच्या शेजारी उभे करून. कंपनीलाही छायाचित्र हवेच होते. मंचावरचा माईक मोहरबंद होता, त्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती. अडचण दुसरीच होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती आमच्या मैदानांची जुनी सवयच आहे. आमदार उशिरा येतात. सत्कार मागे मागे सरकतात. आणि कुस्ती कुणाच्या सत्कारासाठी थांबत नाही.

मगदूम मंचावर चढले तेव्हा मातीत पहिल्या क्रमांकाची जोड लागली होती. इंद्रजित खोत, शिरोळचा. समोर हरियाणाचा एक डोंगर, सुमेर नावाचा. निवेदन मान्यताप्राप्त आवाज करीत होता. एक पोरगेला माणूस पडद्यावर बोटे फिरवी आणि भोंग्यातून तो स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला आवाज पडे: “खोत यांनी उजव्या पायावर पकड घेतली आहे.” तोवर खोतची पकड सुटून गेलेली असे. लोक हसत. नंतर हसणेही सोडून दिले होते. आपसात बोलत होते, भेळ खात होते. मैदानात दोन माणसे जिवाच्या कराराने झुंजत होती आणि ती बातमी कुणापर्यंत पोहोचत नव्हती.

फेटा बांधला गेला. नारळ दिला गेला. अभिनंदनने पट्ट्याची तार माईकच्या पेटीत जोडली आणि पडदा अण्णांपुढे धरला. प्रणोती मंचाच्या पायऱ्यांवर, आईची चाकाची खुर्ची धरून उभी होती.

पडद्यावर हिरवा ठिपका लागला.

“मी, बाळगोंडा आदगोंडा मगदूम,” त्यांनी वाचायला सुरुवात केली.

आणि सर्व भोंग्यांतून तो आवाज बाहेर पडला. जाड, खरखरीत, उसाच्या चिपाडासारखा. तीन वर्षे मैदानात कुणी न ऐकलेला. भेळवाल्याचा हात थबकला. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला माणसे उठून उभी राहिली.

“माझा आवाज आणि त्याचे—”

ते थांबले. त्यांची नजर पडद्यावरून उचलली गेली होती. मातीत सुमेरने वजन पुढे टाकले होते.

“—आन् खोतानं बघितलं! बघितलं की वजन फुडं आलंय! एकेरी पट! पट काढला, पट काढला पोरानं, सुमेर एका पायावर, एका पायावर डोंगर उभा हाय मंडळी, डोंगराला घाम फुटलाय—”

मैदान गरजले. मातीतल्या खोतनेही ते ऐकले. त्याच्या खांद्यांत काहीतरी बदलले. अभिनंदन पडदा हलवीत होता, “अण्णा, मजकूर! अण्णा!” आमदार हसून टाळ्या वाजवीत होते; त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. दीड मिनिट संपले. शब्द मध्येच कापला गेला, गवतावरून विळा फिरावा तसा. पडद्यावर अक्षरे आली: संमती अपूर्ण. पुन्हा प्रयत्न करा.

मगदुमांनी स्वतःच बोट टेकवले.

या वेळी त्यांनी नावसुद्धा सांगितले नाही. सुमेर पटातून सुटला होता, खोतच्या पाठीवर बसला होता, मान दाबत होता. मगदूम उठवीत होते, खोतला नव्हे, त्या सगळ्या बसलेल्या माणसांना; डावांची नावे त्यांच्या तोंडात एकेक करून देत होते. “घिस्सा बसतोय का? न्हाई! खोत तळातनं सरकला, साप सरकावा तसा, अरं त्याच्या आईनं दूध न्हाई, पारा पाजलाय ह्याला!” प्रणोती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. ती आता जाणत होती. अण्णा त्या दिवशी वेळ विचारून घेत होते ते याचसाठी.

संमती अपूर्ण. शेवटचा प्रयत्न.

“अण्णा, पाया पडतो,” अभिनंदन म्हणाला. “हा वाचा. चार ओळी. आईसाठी वाचा.”

मगदुमांनी पद्मावतीकडे पाहिले. ती खुर्चीतून मातीकडे पाहत होती. मान न वळवता ती ओरडली, “इकडं काय बघताय? तिकडं कुस्ती चाललीया!”

त्यांनी बोट टेकवले.

खोतने ढाक लावली, आणि ती लागण्याच्या आधी, केसभर आधी, मैदानाने ‘ढाक’ हा शब्द ऐकला. सुमेर हवेत गेला. “चारी मुंड्या चीत!” पुढचे काही ऐकूच आले नाही, लोक मातीत धावले होते. पण माईक अजून उघडा होता. मगदूम थांबले, कल्लोळ थोडा खाली बसू दिला, आणि मग हळू, एकेक शब्द ठेवीत बोलले.

“मंडळी, ह्यो आवाज माझा हाय. मी त्यो कुणाला दिल्याला न्हाई. माझी बायको पडली तवा ह्यो आवाज ह्यांनी खोटा ठरवला. तिचं पाऊल मेलं. आता ह्योच आवाज इकत मागत्यात. उद्या ह्या आवाजात कुणी तुमच्या दारात आलं, पैसे मागितलं, मत मागितलं, तर वळखा. त्यो मी न्हवं. मी हितं—”

भोंगे मुके झाले.

पडद्यावर अर्ज बंद झाल्याची सूचना आली, आणि तिच्याखाली पाच पोकळ तारे: आमच्या सेवेला किती गुण द्याल? आमदार घड्याळ पाहू लागले. अध्यक्ष कंपनीच्या माणसाला बाजूला घेऊन काही समजावीत होते. पडद्यावर बोटे फिरवणाऱ्याने आपले काम पुन्हा हाती घेतले आणि भोंग्यांनी जाहीर केले की खोत यांनी ढाक लावली आहे. तेव्हा खोत लोकांच्या खांद्यांवर बसून मैदानाच्या फाटकापर्यंत पोहोचला होता.

मंचामागे, सामानाच्या टेम्पोआड, अभिनंदन वडिलांसमोर उभा राहिला.

“संपलं. कायमचं संपलं, अण्णा. कळतंय का तुम्हाला? आता तुमचा आवाज कुठंच चालणार नाही. ना फोनवर, ना कुठल्या माईकवर. पुढच्या वेळी आई पडली, तुम्ही पडलात, तर हाक कुणाला मारणार?”

मगदुमांनी फेटा उतरवला. छातीवरच्या पेटीतून आवाज आला, खोलीभर पुरेल एवढाच.

“तुला मारीन. तू माझा ल्योक हाईस. तुला माझा आवाज वळखू येतो का न्हाई?”

“येतो, अण्णा.”

“मग झालं. मी फोन करीन. तू फक्त ऐक.”

फोनच्या जाळ्यातल्या ज्या गाळणीतून तो आवाज अभिनंदनपर्यंत यायचा होता, तिच्या चाचणीत त्यानेच काम केले होते. वडिलांचा फोन येईल, तो उचलेल, कानाला लावेल. आणि पलीकडून अण्णा कितीही ओरडले तरी त्याला शांतताच ऐकू येईल. निर्मळ, तपासलेली, मोहरबंद शांतता.

मगदूम उत्तराची वाट पाहत उभे होते.